115 अश्वशक्तीचा आनंद

माझ्दा या जपानी कंपनीनं 2017 साली आपल्याच एका जुन्या गाडीसाठी आगळी सेवा जाहीर केली. गाडी होती पहिल्या पिढीची रोडस्टर. जगभर ती एमएक्स-5 म्हणून ओळखली जाते, अमेरिकेत मियाटा म्हणून. दोनच आसनं, उघडणारं छत, मिटणारे-उघडणारे हेडलाइट. जपानमधल्या मालकांनी गाडी हिरोशिमाला पाठवायची आणि जिनं ती घडवली त्या कंपनीनंच ती पुन्हा उभी करून द्यायची. त्यासाठी उत्पादन बंद झालेले सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले गेले: मऊ छत, नार्डी कंपनीचं लाकडी स्टिअरिंग, गिअरच्या दांड्यावरची लाकडी मूठ, ॲल्युमिनियमची चाकं. इथवर कुणालाही समजेल. पण ब्रिजस्टोननं या गाडीचा मूळ टायरसुद्धा पुन्हा घडवला. एसएफ-325, माप 185/60 आर 14. नक्षी तीच, माप तेच.

तीस वर्षांत टायर केवढे सुधारले! त्याहून रुंद, त्याहून घट्ट पकडीचा टायर आज कुठल्याही दुकानात मिळतो. तरीही एवढा खटाटोप करून जुनाच टायर का आणायचा? या प्रश्नाच्या मागे गेलं की जुनी स्पोर्ट्‌स कार नव्यानं उभी करण्याचं सगळं शास्त्र हळूहळू उलगडतं. मला ते गाडीच्या वेगापेक्षाही विलक्षण वाटतं.

हलकी गाडी, ठाम कल्पना

1960च्या दशकात इंग्लंडनं एमजी, ट्रायम्फ, लोटस एलान अशा हलक्या, उघड्या, दोन आसनांच्या गाड्या दिल्या. चालवायला त्या लोभस होत्या, पण तेल गळायचं, वायरिंग दगा द्यायचं. 1980च्या आसपास ही जात जवळजवळ संपली. 1979 साली बॉब हॉल या अमेरिकी मोटार-पत्रकारानं माझ्दाच्या केनिची यामामोतो यांना सांगितलं, की अशी गाडी आता तुम्ही बनवा. यामामोतो म्हणजे माझ्दाच्या रोटरी इंजिनाचे शिल्पकार. पुढे हॉल स्वतःच माझ्दाच्या कॅलिफोर्नियातल्या कार्यालयात रुजू झाला. टोकियोच्या चमूनं इंजिन मध्यभागी असलेली आणि पुढच्या चाकांना जोर देणारी अशा दोन कल्पना मांडल्या. कॅलिफोर्नियाच्या चमूनं जुनी रीत धरली: इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. जिंकली ती जुनी रीत. इंग्लंडमध्ये बांधलेला चालता नमुना 1985 मध्ये सँटा बार्बराच्या रस्त्यांवर फिरवून पाहिला गेला आणि फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात गाडी जगासमोर आली.

प्रकल्पाचे प्रमुख होते तोशिहिको हिराई. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, या जपानी कल्पनेला त्यांनी या गाडीचं सूत्र केलं. त्या सूत्राचे आकडे साधे होते. इंजिन 1.6 लिटरचं, ताकद 115 अश्वशक्ती. जपानी गाडीचं वजन सुमारे 940 किलो, आणि ते पुढच्या-मागच्या चाकांवर जवळपास निम्मं-निम्मं वाटलेलं. तोल साधावा म्हणून बॅटरीसुद्धा डिकीत ठेवली. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल यांना ॲल्युमिनियमच्या एका लांब चौकटीनं जखडून टाकलं. त्यामुळे पाय दाबला की मधल्या सांध्यांची चुळबुळ न होता ओढ थेट मागच्या चाकांना मिळते. गिअरचा दांडा सरळ गिअरबॉक्सच्या माथ्यातच उतरतो, मध्ये केबल नाही की दांड्यांची जोडणी नाही. ताशी 100 किलोमीटरचा वेग गाठायला ही गाडी 9 सेकंदांच्या आसपास घेते. आजच्या कितीतरी घरगुती गाड्या तिला मागे टाकतील. तरीही 2016 मध्ये दहा लाखावी एमएक्स-5 कारखान्याबाहेर पडली. उघडणाऱ्या छताची, दोन आसनांची दुसरी कुठलीही स्पोर्ट्‌स कार एवढी विकली गेलेली नाही.

रस्ता हाताशी कसा बोलतो

एक ढोबळ हिशेब करून पाहा. 940 किलो चार चाकांत वाटले, तर एका चाकावर 235 किलो येतात. या गाडीच्या टायरमध्ये हवेचा दाब 26 पीएसआय ठेवायचा असतो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण 1.8 किलो. भागाकार सांगतो, की एका टायरचा जेमतेम 130 चौरस सेंटीमीटर भाग रस्त्याला टेकलेला असतो. दोन माणसं बसली तरी चारही टायरचा टेकलेला भाग मिळून ए-फोर कागदापेक्षा कमीच भरतो. गाडीचं वळणं, थांबणं, पळणं, सगळं एवढ्याशा जागेत घडतं.

त्या जागेत काय चालतं ते तर अद्भुत आहे. वळणावर चाकाचं तोंड एका दिशेला असतं आणि गाडी प्रत्यक्षात थोड्या वेगळ्या दिशेनं जाते. दोन्हींत काही अंशांचा फरक पडतो, कारण रबर लवतं. टेकलेल्या भागाच्या पुढच्या कडेला रबर नुकतंच रस्त्याला भिडलेलं असतं. मागच्या कडेकडे जाता जाता ते अधिकाधिक ताणलं जातं. म्हणून बाजूचा जोर बरोबर मध्यावर न येता जरा मागे येतो आणि चाकाला सरळ करू पाहतो. वळणावर स्टिअरिंग हाताला जड लागतं त्यात याचा मोठा वाटा असतो.

आता वेग थोडा वाढवा. मागच्या कडेचं जास्त ताणलेलं रबर आधी घसरू लागतं. जोराचा बिंदू पुढे सरकतो आणि स्टिअरिंग किंचित हलकं होतं. पकड अजून पुरती सुटलेली नसते, उलट ती आपल्या शिखराजवळ असते. म्हणजे टायर सुटण्याआधीच हाताला निरोप देतो! कुठलाही सेन्सर नाही, पडदा नाही. रबराचा लवचिकपणा आणि थोडी भूमिती, एवढ्यावर हे चालतं.

जुन्या टायरचं कोडं इथे सुटतं. टायरची पकड जितकी जास्त, तितका हा निरोप जास्त वेगाला येणार. फार चिकट आणि रुंद टायर घातले, तर निरोप येण्याइतक्या वेगानं वळणं घेणं सार्वजनिक रस्त्यावर शहाणपणाचं राहत नाही. मग गाडी नेहमी मुकीच वाटते. 185 मिलिमीटर रुंदीचा साधा टायर मात्र कायद्याच्या आणि सभ्यतेच्या मर्यादेतच बोलू लागतो. इंजिनाचंही तसंच. पहिल्या दोन गिअरमध्ये इंजिन मिनिटाला 7,000 फेऱ्यांपर्यंत नेलं, तरी वेग ताशी 95 किलोमीटरच्या आत राहतो. त्यामुळे इंजिनाचा सगळा पट्टा, तळाच्या गुरगुरीपासून वरच्या तानेपर्यंत, साध्या रस्त्यावरही अनुभवता येतो. रस्त्यावरच्या गाडीचा आनंद तिच्याकडे किती क्षमता आहे यावर ठरत नाही. त्यातली किती क्षमता आपल्या वाट्याला येते यावर तो ठरतो.

वय आधी काय नेतं

तीस-पस्तीस वर्षांत अशा गाडीचं नेमकं काय जातं? ताकद फारशी जात नाही. हे लोखंडी ब्लॉकचं इंजिन नीट तेलपाणी केलं तर लाखो किलोमीटर चालतं. जातं ते रबर.

या गाडीला चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आहे. प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक आर्म. गाडी वळणावर कलली तरी या दोन आर्मच्या भूमितीमुळे टायर रस्त्याला जमेल तेवढा सपाट टेकून राहतो. आर्म जिथे बॉडीला जोडलेले असतात तिथे रबरी बुश असतात: बाहेर एक लोखंडी कडं, आत एक नळी, मध्ये पक्कं चिकटवलेलं रबर. आर्म वर-खाली होतो तेव्हा हे रबर पिळवटतं आणि परत येतं. वर्षांनुवर्षं हेच. मग ते कडक होतं, चिरतं, सुटतं. ब्रेक मारला की चाक किंचित मागे सरकतं, वळताना किंचित तिरकं होतं. टायरनं पाठवलेला निरोप त्या ढिल्या रबरातच विरून जातो. मालकाला वाटतं गाडी म्हातारी झाली. खरं तर म्हातारे झालेले असतात मूठभर बुश.

नवे बुश बसवताना जाणते मेकॅनिक एक गोष्ट कटाक्षानं पाळतात. गाडी जॅकवर असताना चाकं खाली लोंबतात. त्याच अवस्थेत बोल्ट पक्के आवळले, तर गाडी खाली उतरल्यावर प्रत्येक बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. म्हणून बोल्ट आधी हलके लावायचे, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्यायचं आणि मगच टॉर्क रेंचनं शेवटचं आवळायचं. रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुशही मिळतात. ते पिळवटत नाहीत, नळीभोवती फिरतात. गाडी अधिक नेमकी होते, पण त्यांना ग्रीस लागतं, नाहीतर ते कुरकुरतात, आणि रस्त्याची खरखर थेट आत येते. रोज चालवायच्या गाडीला नवं रबर पुरेसं होतं.

शॉक ॲब्सॉर्बरची गोष्ट निराळी. खड्ड्याचा धक्का स्प्रिंग साठवून ठेवते. तो परत उसळू नये म्हणून शॉक ॲब्सॉर्बर त्या ऊर्जेची उष्णता करून टाकतो. आतलं तेल गळालं की टायर रस्त्यावर टपटप उड्या मारू लागतो. हवेतल्या टायरला पकड कुठली? नवे शॉक ॲब्सॉर्बर बसवून गाडी पहिल्यांदा खडबडीत वळणावर नेली की ती मऊही वाटते आणि घट्टही. दोन्ही एकाच वेळी कसं, याचं नवल वाटतं. पण टायर रस्त्याला सतत टेकून राहिला की दोन्ही आपोआप साधतं.

शेवटी व्हील अलाइनमेंट. या गाडीत पुढे-मागे चारही चाकांचे कोन विकेंद्री चकतीच्या बोल्टांनी बदलता येतात. चाकाचा वरचा भाग आत किती कलावा, स्टिअरिंगचा अक्ष मागे किती झुकावा, दोन चाकांची तोंडं किती जुळावीत, हे सगळं मिनिटा-अंशांत बसवता येतं. हे बोल्ट जुन्या गाडीत गंजून घट्ट बसलेले असतात, ते सोडवण्यातच मेकॅनिकचा घाम निघतो. पण अर्ध्या अंशाच्या फरकानं गाडीचा स्वभाव बदललेला दिसतो.

पत्रा, पाणी आणि एक छोटी चावी

या गाडीचा खरा शत्रू पाणी, आणि तेही छतावरून आलेलं. मऊ छताच्या तळाशी आसनांच्या मागे दोन निचऱ्याची भोकं आहेत. पाला आणि धूळ साचून ती तुंबली, की पाणी दारांखालच्या पोकळ पत्र्यात शिरतं. तिथे ते आतून पत्रा खातं. बाहेरचा रंग चकाकत असतो आणि आत गंजाचा भुगा झालेला असतो. जुनी मियाटा विकत घेणारे म्हणूनच निचऱ्याच्या भोकात थोडं पाणी ओतून पाहतात. ते मागच्या चाकांच्या पुढे जमिनीवर पडलं पाहिजे. सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करायचा आणि पोकळीत मेणाचा लेप मारायचा, हे काम रंगाच्या आधीचं. ही गाडी बिनछपराची असल्यानं बॉडीची ताकद या पोकळ पत्र्यांवरच फार अवलंबून असते. ते सडले की सगळी गाडी लवू लागते आणि मग कितीही महागडं सस्पेन्शन घातलं तरी कोन जागेवर राहत नाहीत.

इंजिनातही एक जागा पाहण्यासारखी आहे. सुरुवातीच्या, म्हणजे साधारण 1991 पर्यंतच्या गाड्यांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं. तिथला मोठा बोल्ट नीट आवळलेला नसेल, तर पुलीला धरून ठेवणारी छोटी चावी आपल्या खाचेत हलू लागते आणि खाच रुंदावते. एवढ्याशा झिजेनं इंजिनाचं टायमिंग बिघडतं. ओळखायची खूणही साधी: पुढच्या पुलीत चार खाचा असतील तर क्रँक जुना, आठ असतील तर सुधारलेला. टायमिंग बेल्ट बदलताना हा बोल्ट काळजीनं बसवला, की जुना क्रँकही उत्तम चालतो. आणि टायमिंग बेल्ट तुटलाच, तरी या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळत नाहीत. त्या काळच्या अभियंत्यांनी ठेवलेली ही केवढी मोठी कृपा!

बदल करायचे, पण कुठल्या रस्त्यासाठी?

हे इंजिन मुळात माझ्दा 323 या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीतून आलं. तिथे ते आडवं बसायचं. मियाटात ते उभं वळवलं आणि थर्मोस्टॅटची जागा मागून पुढे आणली. त्यामुळे थंड पाणी आत येण्याची आणि गरम पाणी बाहेर जाण्याची दारं दोन्ही पुढेच झाली. पाण्याला सोपी वाट मिळाली, आणि मागचे सिलिंडर पुढच्यांपेक्षा जास्त तापू लागले. शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी नेणारे किंवा टर्बो बसवणारे लोक पाण्याची वाट पुन्हा मागून वळवतात. साध्या रस्त्यावर मात्र चांगला रेडिएटर आणि ताजं कूलंट एवढ्यावर भागतं. एकाच इंजिनाला ट्रॅकवर लागणारा उपाय रस्त्यावर अनावश्यक ठरतो. बदल करताना हे भान सतत ठेवावं लागतं.

ब्रेक पॅडचं तेच. शर्यतीचे पॅड चांगले तापल्याशिवाय पकडतच नाहीत. सकाळी घरातून निघताना पहिल्या सिग्नलला ते धोक्याचे ठरतात. त्यापेक्षा रस्त्याचे चांगले पॅड, नवे रबरी पाइप आणि ताजं ब्रेक ऑइल फार मोठा फरक करतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, म्हणून ते ठरावीक काळानं बदलायचं असतं. 1.6 लिटरच्या गाडीत पुढची डिस्क 235 मिलिमीटरची, 1994च्या 1.8 लिटर गाडीत 255ची. योग्य ब्रॅकेट लावून मोठी डिस्क जुन्या गाडीला बसते. हा बदल रस्त्यावरही उपयोगी आहे.

चाकं मोठी करण्याचा मोह सगळ्यांना होतो. मूळ 14 इंची चाकं मुद्दाम हलकी केलेली, एकेक सुमारे साडेपाच किलोचं. स्प्रिंगच्या खालचं वजन वाढलं की चाकाला खड्ड्याबरोबर झटपट वर-खाली होता येत नाही. चिखलानं जडावलेले गमबूट घालून बांधावरून पळून पाहा, पाठीवर जाणवणार नाही एवढं वजन पायात आलं की पाय मागे पडतो. गाडी फार खाली बसवण्याचंही तसंच. या गाडीत सस्पेन्शनला वर जायला मुळातच जागा कमी. स्प्रिंगा फार आखूड केल्या तर ती रबरी ठोकळ्यांवर आपटत चालते आणि टायरचं बोलणं त्या आपटण्यात बुडून जातं.

आणि ताकद? टर्बो, सुपरचार्जर, सगळं मिळतं. पण 1.6 लिटरच्या गाडीचा डिफरन्शियल लहान आहे. ताकद वाढवली की आधी तो, मग क्लच, मग रेडिएटर, मग ब्रेक अशी साखळी सुरू होते. ज्यांना ते हवं त्यांनी जरूर करावं, त्यातही अभियांत्रिकीचा मोठा आनंद आहे. माझं मन मात्र दुसरीकडे झुकतं. बॉडी पक्की, बुश नवे, शॉक ॲब्सॉर्बर चांगले, टायर ताजे, कोन नेमके. मग आसनांमागे रोल बार, त्यावर जाड पॅडिंग, कारण रस्त्यावर आपण हेल्मेट घालत नाही. मग हातात बसेल असं स्टिअरिंग. गिअरच्या दांड्याखालची फाटलेली रबरी टोपी बदलली आणि तिथल्या छोट्या कप्प्यात ताजं तेल घातलं की गिअर पुन्हा खटकन पडू लागतो, तो बदल तर खर्चाच्या मानानं सर्वांत मोलाचा. दर वेळी एकच बदल करावा, काही दिवस गाडी चालवावी आणि मगच पुढचा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कुठल्या बदलानं काय झालं हे कळत नाही, आणि ते कळण्यातच निम्मी मौज असते.

मियाटा भारतात अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना ती सहज दिसेल, घेताही येईल. पण हे नियम एका गाडीचे नाहीत. कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी असो की जुनी जिप्सी, बुश सगळीकडे कडक होतात, शॉक ॲब्सॉर्बर गळतात, टायरचं रबर वयानं निबर होतं. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे पाहा: पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन साल. आपल्याकडे गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमाची बंधनं आहेत, इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते. पण झिजलेलं रबर, गळका शॉक ॲब्सॉर्बर, म्हातारा टायर मूळ मापाचाच नवा घालायला कुणाची आडकाठी नाही. आणि गाडीला तिचं बोलणं परत मिळतं ते नेमकं याच कामांनी. घरात जुनी गाडी असेल तर ताकदीचा विचार करण्याआधी एकदा तिच्याखाली टॉर्च घेऊन वाका आणि बुश तपासा. तिचा हरवलेला आनंद बहुतेक वेळा तिथेच, हाताच्या अंतरावर सापडतो.